टेबलावर चालतो, पेटीत तापतो

भाऊजी, आपलं शेवटचं बोलणं भांडणावर तुटलं. भांडण मोठं नव्हतं, एका कॅपॅसिटरवरून होतं. मी म्हणत होते, तो वाढवल्याशिवाय तुमचा ॲम्प्लिफायर ताळ्यावर येणार नाही. तुम्ही म्हणत होतात, "वाढवला का आवाजाचा जीव जाते, सुजाता. तू कानानं नाई आयकत, कागदावर आयकते." मी चिडून म्हणाले, कागदावर असतं तेच खरं असतं. तुम्ही हसलात, जरा खोकलात आणि म्हणालात, "बरं, रविवारी ये. तोंडावर बोलू."

रविवार उजाडायच्या आधीच ताईचा फोन आला. मी अमरावतीहून निघाले, अकोल्याला पोचले, तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि तोंडावर बोलायला तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पॉलिटेक्निकमध्ये फळ्यावर अर्धी आकृती काढते आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहते. मुलं वाट पाहतात. घरी चहा ठेवते, तो उतू जातो. झोपायला जाते आणि उठून कपाट आवरायला लागते. स्टाफरूममधल्या बाया म्हणतात, बहिणीचा नवरा होता, वाईट वाटणारच. मी मान हलवते. बहिणीचा नवरा होतातच, पण त्याच्या आधी तुम्ही माझं भांडायचं माणूस होतात, हे त्यांना कसं सांगू? असं माणूस गेलं की मनातली अर्धी वाक्यं कुठे टाकायची तेच कळत नाही.

मला दहावीनंतर डी.एड.ला घालायचं बाबांनी ठरवून टाकलं होतं. तुमच्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, नवे जावई म्हणून तुम्ही जेवायला आला होता. जावयानं अशा वेळी ताटात पाहून जेवावं. तुम्ही हातातला घास ठेवून म्हणालात, "मामाजी, मास्तरीन व्हायचं असन तं मागून होईन. पयले तिले जे आवडते थे शिकू द्या." बाबा म्हणाले, पोरीच्या जातीला तारा-बिरा कशाला? तुम्ही म्हणालात, "तारेले जात नाई मायीत मामाजी, तिले फक्त करंट मायीत हाय." बाबांना राग आला होता. ताईनं ताटाआडून तुमच्या गुडघ्याला चिमटा काढला होता, हे तिनंच मला नंतर सांगितलं. मी इलेक्ट्रॉनिक्सला गेले. आणि मागून मास्तरीणच झाले, त्यावरून तुम्ही मला आयुष्यभर चिडवलंत.

याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्या दोघांत तशी पद्धत नव्हती. एखादी गोष्ट आवडली की तिच्यातली खोट काढायची, ही आपली पद्धत होती.

आता ॲम्प्लिफायरचं बोलते, कारण तो तुम्ही हौसेखातर घेतला नव्हता, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. तुमच्या वस्तीतल्या विहारात ताई आणि बाकी बाया गाणी म्हणतात. हार्मोनियम, ढोलकी आणि सात-आठ गळे. दर जयंतीला मंडळ भाड्यानं स्पीकरचे मोठाले डबे आणायचं. ते आणणारा माणूस बास वाढवून ठेवायचा आणि चहाला निघून जायचा. मागच्या खेपेला कमलबाई, ज्या त्यांच्यात सगळ्यात म्हाताऱ्या, छातीवर हात ठेवून उठून गेल्या. दुसऱ्या कडव्याला ताईनं माईक खाली ठेवला आणि ती बसून राहिली. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. तुम्ही मागच्या रांगेत होतात. तुम्ही कोणाशी वाद घातला नाही. घरी जाऊन मला फोन केलात.

"सुजाता, एक ॲम्प्लिफायर बनवाचा हाय. मोठा. विहाराचा सोताचा."

मी म्हटलं, "भाऊजी, हॉल केवढासा हाय तुमचा. एवढी ताकद काहून पाहिजे?"

"ताकद वरडायले नाई लागत, बापा. ताकद मांगं ठेवलेली असली का बाईनं सूर वर नेला तरी आवाज फाटत नाई."

हे तुमचं बरोबर होतं, आणि फोनवर मी ते मान्यही केलं होतं. तुम्ही "पुन्हा बोल, पुन्हा बोल" म्हणालात.

मग आपण दोघं लागलोच. सर्किट मी काढलं, तुम्ही त्यात चार ठिकाणी काट मारली, मी त्यातल्या दोन परत मिटवल्या. जठारपेठेतल्या तुमच्या ओळखीच्या माणसाकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. ट्रान्झिस्टर मी अमरावतीहून आणले, एकेक तपासून, जोड्या जुळवून. ट्रान्झिस्टर गार ठेवणारा ॲल्युमिनियमचा भला मोठा हीटसिंक तुम्ही भंगारातून शोधून काढलात आणि तो हातगाडीवर घरी आणलात तेव्हा ताई म्हणाली, "हे दार कोनाच्या घराचं काढून आनलं?" चाचणीत स्पीकर जाळून चालणार नव्हतं, म्हणून हीटरच्या कॉइलचे तुकडे पाण्याच्या बादलीत सोडून त्यावर आपण ॲम्प्लिफायर चालवायचो. पाणी कोमट व्हायचं. ताईची धुण्याची बादली कायमची गेली.

आणि ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीतल्या तारा. टेलिफोन खात्यात तुम्ही जन्मभर हेच केलेलं. एक्स्चेंजमधल्या शेकडो तारांचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायचे, ठरावीक अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एका बाजूला. तसाच जुडगा तुम्ही आपल्या पेटीत बांधला. मागच्या भिंतीपासून निघून कोपऱ्यात काटकोनात वळणारा, एकही तार इकडची तिकडे नाही. मी त्याचा फोटो काढून वर्गात दाखवला होता. मुलांना म्हटलं होतं, काम असं दिसलं पाहिजे.

सर्किटची पाटी टेबलावर ठेवून सुट्या तारांनी जोडली की ॲम्प्लिफायर एखाद्या शहाण्या मुलासारखा चालायचा. तासभर वाजवा, हीटसिंक कोमट. तीच पाटी पेटीत बसवली, जुडग्याची टोकं लावली, झाकण घातलं, की गाणं न लावताही तो तापायला लागायचा. स्पीकरमधून काही आवाज नाही, गुणगुण नाही, आणि हात ठेववत नाही इतका गरम. आउटपुटपाशी बसवलेला तो बोटाएवढा रेझिस्टर काळा पडायचा आणि घरभर वास सुटायचा. आपल्याला दोघांनाही कळत होतं काय होतंय ते. यंत्र आपल्या मनानंच शिटी वाजवत होतं, कानाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत, आणि त्या शिटीत सगळी ताकद जाळत होतं. कळत नव्हतं ते इतकंच, की शिटी सुरू कोण करतं.

तुम्ही म्हणालात, अर्थिंग. पेटीच्या पत्र्याला अर्थ दोन ठिकाणी लागलाय. मी म्हणाले, मुळात सर्किटच काठावर उभं आहे, तो कॅपॅसिटर लहान ठेवलाय तुम्ही, पेटीतला एवढासा फरकही त्याला सोसत नाही. मग किती रविवार गेले. मी बसनं यायची, आल्या आल्या पेटी उघडायची. तुम्ही अर्थच्या तारा हलवायचात, मी तुमची पाठ वळली की कॅपॅसिटर बदलायची, आणि तुम्हाला वासावरूनच कळायचं की कोणी डाग दिलाय. ताई आतून म्हणायची, "तुमच्या दोघायच्या भांडनात माह्या कुकरची शिट्टी आयकू नाई येऊन राहिली." एकदा पेटी उचलून ठेवताना तुम्ही मध्येच थांबलात, भिंतीला टेकलात आणि म्हणालात, "पत्रा जड हाय." पत्रा खरंच जड होता. मीही दुसरी बाजू धरली होती.

तुम्ही सकाळी भाजी आणायला पिशवी घेऊन निघालात आणि फाटकापाशी खाली बसलात. ताई म्हणते, तिला वाटलं चपलेचा पट्टा लावताहेत.

समोरच्या खोलीत माणसं भेटायला येत होती आणि ॲम्प्लिफायर तिथंच टेबलावर होता, झाकण उघडं, पेचकस बाजूला. लोक त्याच्या भोवती बसायचे. तुमच्या खात्यातले जुने लोक यायचे, आत डोकावून जुडगा बघायचे आणि म्हणायचे, "हात पाहा तायडे साहेबाचा." तुमची लेक पल्लवी पुण्याहून आली होती. तिनं टेबल मागच्या खोलीत न्यायचं म्हटलं, जागा होईल म्हणून. ताई म्हणाली, "राहू दे. थो कोनाले नडून राहिला?"

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात ठरला. बाया गाणार हे कोणी न विचारताच ठरलं होतं. पल्लवी म्हणाली, साउंड भाड्यानं सांगू या, चांगला माणूस बघून. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरचा हाय ना."

"आई, त्यातून धूर निघतो. कार्यक्रमात काही झालं तर?"

"मंग सुजाता पायते." आणि मला म्हणाली, "थे म्हनत व्हते, सगळं झालं हाय, फक्त सुजातानं आयकाचं राहिलं."

मला हसू आलं आणि लगेच इतका राग आला तुमचा, भाऊजी. जाताना माझ्या नावावर हे ठेवून गेलात.

कॉलेजचा ऑसिलोस्कोप मी सही करून घेतला आणि मांडीवर धरून बसनं निघाले. बडनेऱ्याला कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, काय हाय? टीव्ही हाय का?" मी म्हटलं, तसंच समजा. मूर्तिजापूर येईपर्यंत माझे दोन्ही पाय बधिर झाले होते, पण तो खाली ठेवायला मन होईना. इतके दिवस आपण अंदाजानं भांडत होतो. स्कोप आण म्हणून तुम्ही मला किती वेळा म्हणाला होतात, आणि कॉलेजात परीक्षा, तपासणी, काहीना काही चालू असायचंच. आता शिटी डोळ्यांनी दिसणार होती आणि बघायला मी एकटी.

सकाळी ताईच्या हातचा चहा घेतला आणि पेटी उघडली. पहिल्यांदा सिरीजमध्ये बल्ब लावून वीज दिली, तुम्ही देत होतात तशी. स्क्रीनवर लाट आली. वरचा अर्धा भाग गुळगुळीत, आणि खाली जाताना रेघ फुगलेली, केसाळ, जणू सुरवंट. हीच ती. मी खुर्चीवरून उठले आणि खोलीत दोन चकरा मारल्या.

मग तुमचं ऐकलं. खरंच ऐकलं. अर्थच्या सगळ्या तारा सोडल्या आणि तुम्ही सांगत होतात तशा एका जागी आणून बांधल्या, मोठ्या कॅपॅसिटरांच्या मधोमध. पत्र्याला लागणारा दुसरा स्पर्श सोडवून टाकला. मी हे करत होते तेव्हा तुम्हीच बरोबर ठरावेत असं मला आतून फार वाटत होतं. भांडण तुम्ही जिंकून गेला असतात तर मला जरा बसवलं असतं. वीज दिली. सुरवंट होता तसाच होता.

मग माझं. कॅपॅसिटर वाढवला. रेघ बारीक झाली, केस झडले. मला एक क्षण वाटलं, जिंकले. आवाज वाढवत नेला तर पुन्हा फुगली, कमी, पण फुगलीच. आणि दुसरी गोष्ट. ताईनं मोबाइलवर तिच्या सरावाचं गाणं दिलं होतं, ते लावलं. कॅपॅसिटर बदलायच्या आधी थोडं वाजवलं होतं, तेच पुन्हा वाजवलं. तिच्या "स"ला जी धार आहे, ओळ संपताना ती श्वास ओढते तो जो आवाज आहे, तो गेला होता. कोणी घोंगडी टाकावी तसा. मी तीनदा वाजवून पाहिलं. भाऊजी, कागदावर तो फरक नगण्य आहे. कानाला मात्र होता. तुम्ही बरोबर होतात. मी तुमचा जुना कॅपॅसिटर परत बसवला.

म्हणजे तुमच्या उपायानं शिटी गेली नाही आणि माझ्या उपायानं गाणं गेलं. ताई जेवायला हाक मारत होती. मी म्हटलं, नको. ती ताट घेऊन तिथंच आली, बादलीशेजारी. मी दोन घास खाल्ले आणि उठले. टेबलावर शिटी नाही, पेटीत शिटी. पेटीत असं काय आहे, जे टेबलावर नाही? पत्रा. झाकण. पत्रा तुम्ही तपासला, झाकण मी तपासलं. स्क्रीनकडे बघत मी ताईच्या ताटाजवळचं लाकडी उलथणं उचललं आणि उगाच पेटीतल्या वस्तूंना टोचत सुटले. हीटसिंकला टोचलं, काही नाही. ट्रान्सफॉर्मरला, काही नाही. जुडग्याला लावलं आणि जरा दाबलं, तर सुरवंट जाड झाला. सोडलं, बारीक झाला. पुन्हा दाबलं. पुन्हा जाड.

मी उलथणं तसंच धरून जुडग्यावर वाकले.

तो जुडगा, भाऊजी. ज्या एका गोष्टीवर आपल्या दोघांचं कधी भांडण झालं नाही, ती. माईककडून आत येणारी बारीक तार आणि स्पीकरकडे जाणारी जाड तार तुम्ही अंगाला अंग लावून बांधली होती, सबंध पेटीभर. त्या बारीक तारेवरची, बाहेरचा आवाज अडवणारी जाळी वीतभर सोलूनही टाकली होती, कारण जाळीसकट ती जुडग्यात उठून दिसली असती. टेलिफोनच्या तारांचं अशानं काही बिघडत नाही, बोलणं तेवढंच असतं दोन्हीकडे. इथं जाणाऱ्या तारेतला मोठा आवाज येणाऱ्या तारेत झिरपत होता, पुन्हा मोठा होऊन जात होता, पुन्हा झिरपत होता. टेबलावर आपण सुट्या तारा लावायचो, म्हणून तिथं काही व्हायचं नाही. आपण दोघं दर रविवारी जुडग्याची टोकं सोडायचो, तो बाजूला कौतुकानं ठेवायचो आणि दुसरीकडे खोट शोधायचो.

मी कात्री घेतली. ताईनं विचारलं, "काय कापून राहिली?"

"हा जुडगा सोडावा लागते, ताई. यानंच तापून राहिला थो."

ती जवळ आली. बघत राहिली. "हे त्यायनं बांधलं ना?"

"हो."

"तुले पक्कं मायीत हाय?"

मी तिला उलथण्यानं दाबून दाखवलं. स्क्रीनवरचं तिला काय समजलं असेल ते असो, पण दाबलं की फुगते, सोडलं की बसते, हे तिनं पाहिलं. मग तिनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि शिलाईच्या डब्यातली मोठी सुई आणली. "कापू नको. मी सोडतो गाठी. दोरा मीच मेनावर ओढून देत व्हती त्यायले." तिनं चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि शेवटच्या टोकाकडून सुरुवात केली. सुई गाठीत घालायची, हलकेच ढिली करायची, दोरा ओढायचा, पुढची गाठ. मला एका जागी बसवत नव्हतं आणि ती इतकी शांत बसली होती की मी तिच्यामागं येरझाऱ्या घालत राहिले. मधे ती एकदा म्हणाली, "ही गाठ उलटी पडली. दिवाळीत बांधली असन, तवा डोये आले व्हते त्यायचे." सगळा दोरा अख्खा निघाला. तिनं तो बोटाला गुंडाळला आणि आत घेऊन गेली. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

येणारी तार मी जाळीसकट नवी घातली, पेटीच्या पार दुसऱ्या कडेनं. जाणारी एकटी सोडली. तुमच्या अर्थच्या तारा तुम्ही सांगितल्या तिथंच ठेवल्या, त्यानंही गुणगुण कमी झाली होती. पेटी आतून आता कुरूप दिसते. तुम्हाला बघवली नसती. झाकण लावलं, वीज दिली, आवाज चढवत नेला. रेघ वर गुळगुळीत, खाली गुळगुळीत. हीटसिंकवर तळहात ठेवून बसले. कोमट.

तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मंग पयल्या दिवशी दोन तास काहून चालला पेटीत?" त्याला उत्तर आहे माझ्याकडे, त्या दिवशी जुडग्याला शेवटचा दोरा नव्हता. मग तुम्ही म्हणाला असतात, जाळी सोलायची आयडिया सर्किटात कुठी लिहिली व्हती का नको म्हणून? मग मी म्हटलं असतं, लिहायला लागते का? हे सगळं मी तिथं बसून मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी बोलले. दोन्ही बाजू बोलताना मजा येत नाही. आपण दोघंही चुकलो होतो आणि ते वाटून घ्यायला समोर कोणी नव्हतं.

कार्यक्रम सकाळी झाला. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, त्रिशरण, पंचशील, भंतेजींचं थोडं बोलणं. मग गाणी. मी पेटीशेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि अर्धं लक्ष हीटसिंकवर. दर दोन मिनिटांनी हात लावत होते. पल्लवी शेवटी कानात म्हणाली, "मावशी, हात काढ गं त्यावरून." तेव्हा मी ऐकायला लागले. कमलबाईंचा आवाज थरथरतो हे मला आजवर माहीत नव्हतं. ढोलकीच्या वरून प्रत्येक शब्द वेगळा येत होता. ताईनं वरचा सूर घेतला, सबंध घेतला, आणि तो फाटला नाही. ऐकू यावं म्हणून लोक पुढे सरकून बसले नाहीत, माना वाकवल्या नाहीत. मागच्या भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनाही पोचत होतं. तुमच्या खात्यातल्या एकानं मला नंतर विचारलं, कुठून भाड्यानं आणला. मी म्हटलं, घरचा आहे.

जेवणं झाली, लोक पांगले, पल्लवी भांडी परत द्यायला गेली. मी केबल गुंडाळायला घेतली तर ताई म्हणाली, "थांब. चालू हाय का थो?"

"हो."

"मंग राहू दे. तू जरा भायेर जाय."

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. पायऱ्यांवर बसणार होते, तेवढ्यात आतून माईकवर ताईचा आवाज आला, "आयका." आणि ती तुमच्याशी बोलायला लागली. ते तुमचं आणि तिचं होतं, म्हणून मी उठले आणि कडुनिंबाखाली गेले. तिथंही शब्द न् शब्द येत होता. रस्ता ओलांडून पानठेल्याजवळ गेले, तिथंही येत होता. दुपारची वेळ, सगळी दारं लावलेली, रस्त्यावर कोणी नाही. मग मी भराभर चालत कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले. गिरणी चालू होती. तिच्या घरघरीत ताई ऐकू यायची थांबली, तेव्हा थांबले.

बऱ्याच वेळानं ती पायऱ्यांवर दिसली. मी परत आले. तिचे डोळे कोरडे होते, पदर नीट होता. म्हणाली, "बंद तू कर. मले त्याचं बटन मायीत नाई."

मी आत जाऊन बंद केला. बंद होताना स्पीकरमधून धप्पकन एक ठोका येतो, भाऊजी. स्पीकर तोडणारा रिले उशिरा सुटतो म्हणून असेल असं मला वाटतं. तुम्ही नाही म्हणाल.